आमचे साडू आणि बदललेला पाइप

दुसऱ्याच्या मशीनचा पंखा विनाकारण फिरतो आहे एवढ्या कारणावरून ज्याची अन्नावरची वासना उडते असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माणसं महागाईवर चिडतात, पुढाऱ्यांवर चिडतात, जावयावर चिडतात. आमचे साडू वाया जाणाऱ्या कष्टांवर चिडतात, आणि तेही स्वतःच्या नव्हे, जगाच्या. रस्त्यात कोणी बंद पडलेल्या स्कूटरला किक मारत असला आणि तिच्यात पेट्रोलच नाही हे साडूंच्या लक्षात आलं, तर त्या माणसाच्या आधी यांना घाम फुटतो. त्यांचा संताप इतका निःस्वार्थी असतो की कधीकधी त्यांच्या पाया पडावंसं वाटतं, आणि बहुतेक वेळा तिथून हळूच सटकावंसं वाटतं.

त्यातही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारणं हा त्यांच्या लेखी सगळ्यांत मोठा गुन्हा. सासरच्या एका लग्नात मुलीच्या मामांनी त्यांना जेवण झालं का म्हणून विचारलं. साडू म्हणाले, नाही, पुढच्या पंगतीला बसतो. मामा बिचारे मायाळू. मांडवभर फिरून ते परत आले आणि तेच विचारलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा साडू खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मामाजी, मी जेवलो की स्वतः येऊन तुम्हाला सांगतो. तोवर तुम्ही दुसरी कामं करा." आणि त्यांनी शब्द पाळला. जेवण होताच ओल्या हातानं ते थेट बोहल्यापाशी गेले आणि मुलीच्या मागं उभ्या असलेल्या मामांच्या कानाशी वाकून "झालं" असं सांगून आले. भटजींना वाटलं मुहूर्ताबद्दल काही आहे. त्यांनी मंगलाष्टकांचा वेग वाढवला.

घरच्या बेललाही त्यांनी अशी काही जोडणी करून ठेवली आहे की ती एकदा वाजली की दार उघडेपर्यंत पुन्हा वाजतच नाही. म्हणजे आलेल्या माणसाला वाटतं बेल बिघडली, आणि तो दार बडवतो. मग साडू दार उघडतात ते चिडलेलेच. माझ्या मेहुणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सगळ्या नातेवाइकांना आणि दूधवाल्याला गुपचूप सांगून ठेवलं आहे की बेलच्या भानगडीत पडू नका, मला मोबाइल करा. एकदा दारव्ह्याच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी तीच तीच माणसं "नेरची गाडी लागली का" म्हणून सारखी जाताना पाहून साडूंचं डोकं फिरलं. पण ते प्रवाशांवर चिडले नाहीत. ते आत शिरले आणि कंट्रोलरला म्हणाले, गाडी लागली की तुम्ही भोंग्यावर सांगत का नाही, म्हणजे कोणाला विचारावंच लागणार नाही. भोंगा बिघडला आहे असं कळल्यावर हे महाशय तिथंच स्टूल ओढून तो दुरुस्त करायला बसले. भोंगा सुरू झाला खरा. त्याच्यातून पहिली घोषणा झाली ती नेरची गाडी सुटल्याची, आणि त्याच गाडीनं साडूंना जायचं होतं.

ते शिक्षणानं इंजिनिअर. पुण्यात टेलिफोनच्या कारभारासाठी प्रोग्राम लिहिण्यात त्यांची ऐन उमेदीची वर्षं गेली. लॉकडाऊनमध्ये चार दिवस म्हणून यवतमाळला आले ते इथलेच झाले, आणि आता घरी बसून दूरदूरच्या लोकांची कामं करतात. पुण्याचा परिणाम त्यांच्या बोलण्यावर एवढाच उरला आहे की मन शांत असलं की ते छापील मराठी बोलतात आणि चिडले की जन्माची वऱ्हाडी. मेहुणी स्वयंपाकघरातून नुसती भाषा ऐकते आणि पोळ्या आता लाटायच्या की थांबायचं ते ठरवते.

मी ज्या सायंदैनिकात पानं लावतो त्याचं ऑफिस आणि छपाईचं मशीन दोन्ही लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एकाच पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. दुपारी अंक छापायचा आणि संध्याकाळच्या बसनं गावोगावी रवाना करायचा असा आमचा धंदा. नेर, दारव्हा, बोरी अरब, जिथं जिथं वार्ताहर आहे तिथून तो मोबाइलवरून बातम्या आणि फोटो पाठवतो, आणि ते सगळं शेडच्या कोपऱ्यातल्या एका काळ्या डब्यात येऊन पडतं. हा आमचा फाइल सर्व्हर. बाहेरगावच्या एका कंपनीनं तो बसवून दिला, आणि बसवला त्या दिवसापासून त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. डबा इतका तापायचा की शेडमधला एकुलता एक कूलर मालकांनी त्याच्याकडं तोंड करून ठेवला होता. यवतमाळचा मे महिना, वर पत्रा, आणि आम्ही माणसं मानेवर ओले रुमाल टाकून बसलेलो, तर खसच्या वासाचा गार वारा खातो कोण, तो डबा. वीज गेली की बॅटरी हां हां म्हणता संपायची, कारण सगळी ताकद तोच पिऊन टाकायचा. कंपनीला फोन केला की ते म्हणायचे, तुमचं मशीन लहान पडतं, मोठं घ्या आणि जमलं तर एसी लावा. मालक तर मोठं मशीन घ्यायला निघालेही होते.

अशात एका दुपारी मी घरी विसरलेला जेवणाचा डबा द्यायला साडू शेडमध्ये आले. दारातच थबकले. मान तिरपी करून त्यांनी थोडा वेळ कानोसा घेतला आणि विचारलं, आत्ता कोण काम करतंय. मी म्हटलं, कोणी नाही, जेवणाची सुट्टी आहे.

"मंग हे काहून ओरडून राह्यलं?"

भाषा बदलली तेव्हाच मी समजून गेलो. माझा डबा हातात तसाच धरून ते सर्व्हरपुढं बसले, आणि मी त्या दिवशी उपाशी राहिलो. तासाभरानं ते शेड दणाणेल अशा आवाजात म्हणाले की सगळा घोळ पाइपमध्ये आहे, हा पाइप कसा सांभाळायचा हेच त्या कंपनीला कळलेलं नाही. आमच्या व्यवस्थापकांनी तत्परतेनं प्लंबरला फोन लावला. प्लंबर पाने-पकडी घेऊन आला तर साडूंनी त्यालाच समोर बसवून पाइप म्हणजे काय ते समजावलं. त्यानं सहानुभूतीनं सगळं ऐकून घेतलं, चहा घेतला आणि गेला.

त्याच्याबरोबर मीही ऐकलं म्हणून मला थोडं सांगता येतं. सर्व्हरमध्ये मागच्या बाजूला एक प्रोग्राम सतत चालू असतो, त्याला हे लोक डीमन म्हणतात. वार्ताहरांचे फोटो उतरवून घेणारा प्रोग्राम वेगळा. नवा फोटो आला की तो डीमनला निरोप देतो, आणि डीमन तो फोटो योग्य पानात बसवून छपाईकडं पाठवतो. हा निरोप ज्यातून जातो तो पाइप. फोल्डरमध्ये तो साध्या फाइलसारखा दिसतो, त्याला नाव असतं, एका टोकानं एकानं लिहायचं आणि दुसऱ्या टोकानं दुसऱ्यानं वाचायचं. लिहिणारा निरोप देऊन आपलं टोक मिटवून गेला की वाचणाऱ्याला कळतं, संपलं. शहाण्या वाचणाऱ्यानं मग पुढचा निरोप येईपर्यंत झोपून राहावं. आमचा डीमन झोपतच नव्हता. तो पाइप मिटायचा, त्याच नावानं लगेच पुन्हा उघडायचा, काही आहे का विचारायचा, नाही असं कळलं की पुन्हा मिटायचा, पुन्हा उघडायचा. एका सेकंदात हजारो वेळा. दिवसभर, सुट्टीच्या दिवशीही. पंखा घरघरत होता तो एवढ्यासाठी.

मी साडूंकडं पाहिलं. मामांनी तीनदा विचारलं तर ज्यांना सहन झालं नव्हतं, त्यांच्यापुढं नशिबानं हा डीमन आणून ठेवला होता. त्यांनी कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, हरकत नाही, दर वेळी विचारण्याआधी एक सेकंद थांबायला सांगू, म्हणजे पंखा गप्प बसेल.

"म्हणजे चूक तीच," साडू म्हणाले, "फक्त हळू करायची?"

त्यांनी फोन ठेवला, मालकांची परवानगी घेतली आणि तो डीमन स्वतः दुरुस्त करायला घेतला. युक्ती साधी होती. डीमननं पाइपचं लिहिण्याचं एक टोकही स्वतःच उघडून हातात धरून ठेवायचं. म्हणजे बाहेरचा लिहिणारा गेला तरी पाइप कधी संपला असं होतच नाही, आणि निरोप येईपर्यंत डीमन निवांत झोपतो. साडूंनी नवा प्रोग्राम चालू केला आणि पंखा थांबला. शेडमध्ये अशी शांतता पसरली की छपाईवाल्याला वाटलं वीज गेली. तो मेन स्विच बघून आला. मालकांनी समोसे मागवले. कूलरचं तोंड माणसांकडं वळवलं गेलं आणि आमच्या अंगाला पहिल्यांदा गार वारा लागला. साडूंनी सत्कार नको म्हणून सांगितलं, आणि मग सत्काराला लागला असता त्याच्या दुप्पट वेळ कंपन्यांच्या नालायकीवर बोलले. पुढं कितीतरी दिवस ते काही ना काही निमित्त काढून शेडमध्ये यायचे आणि तापकरी लेकराच्या कपाळाला लावावा तसा त्या डब्याला हात लावून पाहायचे.

इथवरच सांगून थांबलो असतो तर ही एका हुशार माणसाची गोष्ट झाली असती. पण लग्नसराई लागली.

नेरमध्ये देवराव नावाचे दोन गृहस्थ होते. एक सरकीचे व्यापारी, दुसरे बँडवाले. बँडवाले देवरावजी क्लॅरनेट वाजवतात, आणि नेरच्या आसपासची वरात त्यांच्यावाचून निघत नाही असं त्यांचंच म्हणणं आहे. त्यातले व्यापारी देवराव वारले. आमच्या नेरच्या वार्ताहरानं श्रद्धांजलीचा मजकूर पाठवला आणि घाईत त्याच्यासोबत फोटो पाठवला तो बँडवाल्या देवरावजींचा. चूक त्याच्या लगेच लक्षात आली. त्यानं बरोबर फोटो त्याच नावानं पुन्हा पाठवला आणि फोन करून सांगितलंही. ऑफिसातून त्याला उत्तर मिळालं की काळजी करू नका, नेहमीसारखा आपोआप बदलेल. नेहमी बदलायचाच.

त्या सकाळी चुकीचा फोटो पानात बसल्यावर इंटरनेट जाऊन परत आलं होतं, साडूंचा प्रोग्राम बसल्यापासून पहिल्यांदाच. इंटरनेट गेलं की फोटो उतरवणारा प्रोग्राम बंद पडतो आणि परत आलं की नव्यानं सुरू होतो. नव्यानं सुरू होताना त्याची एक रीत आहे: जुना पाइप काढून टाकायचा आणि त्याच नावाचा नवा करायचा. कंपनीच्या वेड्या डीमनला याचा कधी त्रासच झाला नव्हता, कारण तो दर क्षणी नावानं नव्यानंच पाइप उघडायचा, मग तो जुना असो की नवा. साडूंचा सभ्य डीमन मात्र जुना पाइप दोन्ही टोकांनी घट्ट धरून झोपला होता. त्या पाइपचं नावही आता फोल्डरमध्ये उरलं नव्हतं, त्यातून कोणी कधी बोलणार नव्हतं. नव्या पाइपच्या तोंडाशी फोटोवाला प्रोग्राम निरोप घेऊन उभा, पलीकडून कोणी उघडेल म्हणून वाट बघत. बिघाडाची सूचना नाही, पंख्याचा आवाज नाही. सगळं छान गार आणि शांत होतं. आणि त्या शांततेत अंक छापून निघाला, हार घातलेल्या चौकटीत बँडवाल्या देवरावजींचा हसरा फोटो घेऊन.

देवरावजींची मुलगी बोरी अरबला दिली आहे. संध्याकाळी अंक तिथं पोचला तेव्हा शेजारच्या बाईनं तो तिच्यासमोर धरला. तिनं वडलांना फोन लावला, तो बंद. आई नाही, भाऊ नाही. ती रडत नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसली आणि दारव्ह्यावरून नेरला आली. घराला कुलूप. शेजारी म्हणाले, देवरावजी तर वरातीत गेले. काय ऐकलं ते तिला समजलंच नाही. ती तशीच आवाजाच्या दिशेनं धावत गेली. दिवे डोक्यावर घेतलेल्या बायांच्या रांगेमधून, लाल कोट आणि सोनेरी पट्ट्याची टोपी घालून, गाल फुगवून क्लॅरनेट वाजवत तिचा बाप चालत येत होता. फोन वाजवण्याच्या आड येतो म्हणून त्यांनी तो बंद केला होता. मुलगी भर रस्त्यात मटकन खाली बसली. देवरावजींनी वाजवणं थांबवलं, त्यांच्यामागं सगळा बँड थांबला, नवरदेवाची घोडी थांबली. मग त्या मुलीनं, एवढ्या वेळाच्या रडण्यानंतर, बापाला मिठी मारायची सोडून फोन बंद का ठेवला म्हणून अख्ख्या वरातीसमोर फैलावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी बापलेक दोघंही आमच्या शेडमध्ये हजर झाले. मालकांनी आधीच ठरवून ठेवलं होतं की तांत्रिक कारणामुळे चूक झाली असं सांगायचं आणि दिलगिरी छापायची. साडू सकाळपासून सर्व्हरपुढं बसून होते. काय घडलं ते त्यांना एव्हाना कळलं होतं.

मालकांनी तांत्रिक कारण हे शब्द उच्चारले तशी मुलगी म्हणाली, "माह्या बाबाच्या फोटोले हार घातला तुमी. तांत्रिक म्हंजे कोण, त्याले समोर बोलवा."

मालक काही बोलणार तेवढ्यात साडू उठले. म्हणाले, "तांत्रिक म्हणजे मी."

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. यंत्राच्या भाषेत नाही. तुमच्या गावच्या माणसानं चूक सुधारून पाठवली होती, ती आमच्या दारापर्यंत आली होती, मी चुकीच्या दारावर झोपलो होतो, असं सांगितलं. मुलीचा राग काही उतरला नाही, आणि तो उतरावा असं साडूंनाही वाटत नसावं. देवरावजींना मात्र स्वतःच्या छापील मृत्यूचं फारसं काही वाटलं नव्हतं; फोटो जरा टोपी घातलेला टाकायला हवा होता एवढंच ते म्हणाले. त्यांना लागलं होतं ते वेगळंच. पुढल्या आठवड्यातल्या एका वरातवाल्यानं पेपर पाहून दुसरा बँड ठरवून टाकला होता.

"गावातल्या गावात राह्यते तो," देवरावजी म्हणाले. "एकडाव घरी येऊन इचाराचं तरी होतं, देवराव हाये का गेला."

साडूंनी मान खाली घातली. आयुष्यभर ज्यांनी विचारणाऱ्यांचा तिरस्कार केला त्यांच्यापुढं हा माणूस कोणी विचारलं नाही म्हणून दुःखी होऊन उभा होता. मुलीनं जाताना विचारलं, परत असं होणार नाही याची खात्री काय. साडू म्हणाले, आज देऊ शकत नाही. काम झालं की नेरला येऊन देईन.

तोवर काय करायचं हा प्रश्न होता. आणि मग साडूंनी ते केलं जे मी कधी विसरणार नाही. त्यांनी स्वतःचा प्रोग्राम काढला आणि कंपनीचा तो वेडा डीमन परत चालू केला. पंखा पुन्हा घरघरायला लागला, कूलरचं तोंड पुन्हा डब्याकडं वळलं. कंपनीच्या इंजिनिअरचा फोन आला, आम्ही म्हटलंच होतं असं काहीसं तो बोलत राहिला, आणि साडूंनी त्याला उलट उत्तर दिलं नाही. त्या फोनचा मला जितका संताप आला तितका माझ्या आयुष्यात कमी गोष्टींचा आला असेल. चूक शोधायला ज्यांनी कधी बोटही हलवलं नव्हतं ते लोक चूक करणाऱ्याला शहाणपण शिकवत होते. मी तसं साडूंना बोललोही. ते पंख्याचा आवाज ऐकत बसले होते.

"मूर्ख होता," ते म्हणाले, "पण हजर होता. मी त्याला फक्त मूर्ख म्हटलं. तो काय काम करतो हे पाहिलंच नाही."

नंतरचे दिवस त्यांनी घरी खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. मेहुणी माझ्या बायकोला सांगायची की ताटं जशीच्या तशी परत येतात. मला त्यांनी नंतर समजावलं ते असं. नवा पाइप झाला का, नवा पाइप झाला का असं सारखं विचारत बसायची गरजच नाही. मशीनच्या मुळाशी जी मुख्य व्यवस्था असते तिलाच एकदा सांगून ठेवता येतं की या फोल्डरमध्ये काही नवीन आलं तर मला उठव. उठवलं की पाहायचं, या नावाचा पाइप आपल्या हातातलाच आहे की दुसराच. दुसरा असेल तर जुन्यात काही उरलंसुरलं असेल ते वाचून घ्यायचं, मग जुना सोडायचा आणि नवा उघडायचा. मधल्या वेळात स्वस्थ झोपायचं. हे लिहून झाल्यावर साडूंना आपल्याच कामात एक फट सापडली. त्यांनी आधी पाइप उघडला होता आणि नंतर फोल्डरवर पहारा बसवला होता. त्या दोन्हींच्या मधल्या निमिषात कोणी पाइप बदलला तर? पहारा बसण्याआधी झालेली गोष्ट पहाऱ्याला कशी कळणार? त्यांनी क्रम उलटा केला, आधी पहारा, मग दार. एवढ्या उलटापालटीला त्यांना एक अख्खी सकाळ लागली असं मेहुणी म्हणते, आणि ती सकाळ ते खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

मग त्यांनी मला कामाला लावलं. शेडमध्ये मी माझ्या जेवणाच्या डब्याचा फोटो मोबाइलवरून पाठवत राहायचो आणि ते शेजारी बसून पाइप तोडायचे, पुन्हा करायचे, निरोप अर्धा गेला असताना तोडायचे, इंटरनेटची वायर उपटायचे, परत लावायचे. डब्यातली भेंडी दर वेळी पानात उमटली. पंखा एकदाही घरघरला नाही. साडू हसले नाहीत. त्यांनी कूलर फिरवून ठेवला आणि म्हणाले, उद्या नेरला जाऊ.

बसनं गेलो. देवरावजींच्या अंगणात मुलगी आलेली होती, कदाचित त्यासाठीच बोलावलेली. साडूंनी तिला सांगितलं की आता पाइप बदलला तर मशीनला कळेल, आणि न कळल्यास पानावर जुना फोटो जाणार नाही, चौकट कोरी राहील आणि माणसाला पाहावं लागेल. ही दुसरी तजवीज त्यांनी केली आहे हे मलाही तिथंच कळलं. तिनं थेट विचारलं की म्हणजे चूक तुमचीच होती ना. "माझीच होती," ते म्हणाले. ती आत गेली आणि चहा घेऊन आली. माफ केलं असं काही तिनं म्हटलं नाही. कपात साखर मात्र दोन माणसांची होती.

चहा झाल्यावर साडूंनी त्या वरातवाल्याचं घर कुठं आहे ते विचारलं, आणि मी पुढचं ओळखलं. त्या अंगणात जाऊन आमच्या साडूंनी जो गोंधळ घातला तो शुद्ध वऱ्हाडीतला होता. जिवंत माणसाला पेपरवरून मेला समजता, चार घरं ओलांडून विचारायला तुमचे पाय दुखतात का, असा त्यांचा एकंदर सूर होता. नवरदेवाचा बाप हबकला. दुसऱ्या बँडला शब्द देऊन झालेला, तो मोडता येईना; देवरावजींना नाही म्हणावं तर हे गृहस्थ अंगणातून हलेनात. शेवटी वरातीला दोन्ही बँड लागले. आम्हालाही आमंत्रण होतं. पुढं एक, मागं एक, दोघंही एकमेकांवर कुरघोडी करत वेगवेगळी गाणी वाजवतात, मधोमध नवरदेवाची घोडी वेडीपिशी, आणि तिच्यामागं साडू दोन्ही कानांवर हात ठेवून अतिशय समाधानानं चालले आहेत. देवरावजींनी टोपी घातली होती.

त्यानंतर तो सर्व्हर बिनबोभाट चालला. इतका बिनबोभाट की ऑफिसात नवीन आलेल्यांना तिथं कोपऱ्यात काही आहे हेही माहीत नसायचं. वीज यायची जायची, इंटरनेट तुटायचं, पाइप कितीदा बदलला असेल देव जाणे, आणि एकही फोटो हरवला नाही. ज्या कंपनीनं आम्हाला वर्षभर उकाड्यात भाजलं तिचं नाव अजून डब्यावर होतं. साडूंचं नाव कुठंच नव्हतं. याचा राग यायला हवा होता तो त्यांना नाही, मला येतो.

यंदा मालकांनी फोटोंचा सगळा कारभार कुठल्याशा मोठ्या शहरातल्या भाड्याच्या जागेवर, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर, हलवला. फोटो आता थेट तिकडं जातात आणि तिकडून येतात. डबा बंद करायचा ठरला तेव्हा मी साडूंना घाबरत घाबरतच कळवलं. मला वाटलं, आता शेडचा पत्रा उडणार. ते आले, शांत होते. बंद करण्याआधी त्यांनी एकेका वार्ताहराला स्वतः फोन केला आणि विचारलं, इकडं काही पाठवलेलं, पाठवायचं राहिलेलं आहे का. बोरी अरबच्या वार्ताहराचा फोन लागत नव्हता. साडू लागेपर्यंत लावत राहिले. तोही नाही म्हणाला, तेव्हा त्यांनी बटण दाबलं. ऑफिसात कोणी मान वर करून पाहिलं नाही. करण्यासारखं काही ऐकूच आलं नव्हतं.

बाहेर पडून आम्ही रस्त्यापलीकडच्या टपरीकडं निघालो. मी मालकांना, त्या कंपनीला, भाड्याच्या जागेला, सगळ्यांना मिळून मनसोक्त शिव्या दिल्या. तुम्हाला काहीच वाटत नाही का, असंही विचारलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"चालू होतं तोवर कोणाचं अडलं नाही ना?"

मी म्हटलं, नाही.

"मग झालं," ते म्हणाले.

वसाहतीतून कापसाच्या गाठी भरलेले ट्रक एकामागून एक येत होते. थोडी वाट मिळाली तसे आम्ही रस्ता ओलांडायला निघालो, आणि साडूंनी माझा दंड धरला. आजवर त्यांनी तो कधी धरला नव्हता. त्यांचा हात मला वाटलं होतं त्यापेक्षा हलका, थकल्यासारखा होता. पलीकडं पोचलो, चहा सांगितला, बाकावर बसलो, तरी तो हात तिथंच होता, आणि मी दंड हलवला नाही.